सात तारखेची बाटली

१

सहा बाटल्या गढूळ होत्या आणि सातवी निवळशंख.

प्राणहितेच्या काठावरच्या नेंडवाही जलमापन केंद्रातून आलेली लाकडी पेटी मी चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत उघडली, तेव्हा सगळ्यात आधी हेच दिसलं. एकेक लिटरच्या सात बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, एक ऑगस्ट ते सात ऑगस्ट, सकाळी आठ. पुराच्या दिवसांत नदी किती गाळ वाहून नेते ते आमचं खातं मोजतं. पाणी गाळायचं, कागदावरचा गाळ भट्टीत वाळवायचा, वजन करायचं, आकडा लिहायचा आणि गाळून उरलेलं पाणी मोरीत ओतून द्यायचं. दीड वर्ष मी हेच करत होते. सोबतीला असलेली मुलगी नोकरी सोडून पुण्याला गेली, तेव्हापासून दिवसभर माझ्याशी बोलणारा आवाज म्हणजे भट्टीच्या घड्याळाची घंटी.

पण ही पेटी रोजची नव्हती. नेंडवाहीचा नमुने घेणारा माणूस, पोचू मडावी, दहा तारखेला केंद्राच्या खाली अकरा किलोमीटरवर सापडला होता, झुडपात अडकलेला. तीन-चार दिवस पाण्यात राहिलेल्या देहावरून डॉक्टरांना नेमका दिवस सांगता आला नाही. सहाची संध्याकाळ असेल, सातची दुपारही असेल. खात्याचं म्हणणं होतं की सातला सकाळी आठ वाजता पोचूनं नमुना घेतला, मग काम सोडून, कोणाला न सांगता, डोंगा घेऊन पलीकडच्या गावाला दारू प्यायला निघाला आणि बुडाला. म्हणजे मृत्यू कामावरचा नाही.

वहीतली नोंद सोडली तर सातला सकाळी तो जिवंत होता याला पुरावा एकच. सातवी बाटली.

मी ती उचलून उजेडात धरली. तळाशी बोटभर गाळ, वर स्वच्छ पाणी. आणि पाण्याच्या अगदी वरच्या पातळीवर, काचेला लागून, एक बारीक काळी रेघ.

"तुमीच का त्या बाटल्यावाल्या बाई?"

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. पायात प्लास्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"मी गिरजा. पोचू मडावीची घरवाली. हापिसातले म्हनते, शुक्रवारी कागद वर जाते. त्याच्यावर लिहिलं हाये का चंदाचा बाप ड्युटीवर नवता. मंग माह्या पोरीले, चंदाले, त्याच्या जागी नोकरी नाई." ती थांबली. "नोकरी राहू द्या. पन तो पळाला असं कागदावर लिहू नका, एवढंच सांगाले आली."

"ते पीत होते का, बाई?"

"पोळ्याले पेत होता. लग्नात पेत होता. पुराच्या दिवसात थेंब नाई. पाण्याले भेत होता तो."

"नदीवर काम करणारा माणूस पाण्याला भीत होता?"

"जो भेत नाई तो पयल्याच वर्षी जाते," गिरजाबाई म्हणाली. "हा एकवीस वर्षं टिकला."

ती म्हणाली की नवरा सहाच्या संध्याकाळीच नदीत गेला. पुरात तो केंद्रावरच झोपायचा, म्हणून तिला आठ तारखेपर्यंत काही कळलं नाही. डोंगेवाल्या मुखरूच्या बायकोनं तिला हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी "मी असं कुठी म्हनलं" म्हणून फिरली.

जाताना गिरजाबाईनं त्या बाटलीकडे पाहिलं. "हे एवढं चोखं कसं? निवळी घासली का तुमी?"

"निवळी?"

"झाडाची बी असते. मडक्याले आतून घासली का गढूळ पानी बसते. आमी पावसाळाभर घासतो." तिनं सहाही गढूळ बाटल्यांवरून नजर फिरवली. "नदीचं पानी आपल्या आपून असं बसत नाई, बाई. आठ-आठ दिवस बसत नाई."

२

ती बरोबर बोलत होती, आणि ते मी पुस्तकातून शिकले होते.

चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की त्यांचं वजन त्यांना खाली ओढायला पुरत नाही. शिवाय पाण्यात पडल्यावर प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. सगळ्यांवर सारखाच. एक कण दुसऱ्याजवळ आला की ढकलला जातो. म्हणून लाखो कण एकाच बाटलीत राहतात आणि एकही दुसऱ्याला टेकत नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वसतिगृहाची मेस आठवली होती.

मी सातही बाटल्या एकाच वेळी हलवल्या आणि घड्याळ लावलं. जाडसर वाळू सगळ्यांतच पाच मिनिटांत खाली बसली. त्यानंतर सहा बाटल्या चहासारख्या तपकिरी राहिल्या. सातवीत मात्र कणांचे गोळे होताना दिसू लागले, फाटलेल्या दुधासारखे. चाळीस मिनिटांत वरचं पाणी स्वच्छ झालं. काळी रेघ जिथल्या तिथे परतली होती. एवढं हलवूनही ती खाली गेली नव्हती.

मी एक थेंब भांडी घासायच्या साबणाचं पाणी वर सोडलं. रेघ विस्कटली आणि धूळ झरझर बुडाली. म्हणजे ती जड होती. फक्त पाणी तिला भिजवू शकत नव्हतं. थोडी धूळ आधीच टिपून ठेवली होती, ती भिंगाखाली घातली. चुलीची काजळी मऊ, कापसासारखी दिसते. हे कण धारदार होते आणि चमकत होते. मी बल्लारपूरची आहे. दोरीवरचे कपडे काढताना आई जे झटकते, ते मला भिंगाशिवायही ओळखता आलं असतं.

दगडी कोळसा. नेंडवाहीच्या जंगलात, जिथून सर्वांत जवळची खाण तासन्तास दूर आहे.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"गाळाचं वजन किती आलं?"

"सहाला दोन पूर्णांक एक ग्रॅम. सातला दोन पूर्णांक चार."

"पूर चढत होता, गाळ वाढला. आकडा बरोबर आहे ना?"

"आकडा अगदी बरोबर आहे, सर. पाणी बरोबर वाटत नाही."

"खोब्रागडे, आपण पाणी मोजत नाही." मग जरा नरमून म्हणाले, "वामनराव उद्या नेंडवाहीला जाऊन राह्यले, पंचनामा संपवायला. जायचं तर जा. पण शुक्रवारी सकाळी कागद निघेल."

तो मंगळवार होता.

३

वामनराव पिपरे आमच्या विभागाचे पर्यवेक्षक. छत्तीस वर्षं नोकरी, ऑक्टोबरात निवृत्ती. नद्यांवरच्या नऊ केंद्रांची देखरेख त्यांच्याकडे. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशात. ते गडचांदूरला एकटेच राहतात आणि रोज खात्याच्या जीपनं चंद्रपूरला येतात. मला ते आवडायचे. मला पूर्ण नावानं हाक मारणारे ते एकटेच होते, आणि माझ्या वाढदिवसाची तारीखही त्यांच्याच लक्षात असायची.

"मंजुषा खोब्रागडे, मागे बस. पुढे विक्कीच्या गाण्यांनी कान फुटतीन."

विक्की ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमचे कान रिटायर झाले, माझे गाणे नाई."

आष्टीच्या पुढे साग सुरू झाला आणि मोबाइल बंद पडला. पेटीचा प्रवास मी सहज विचारावा तसा विचारला. नऊ तारखेला केंद्रात पाणी शिरलं, म्हणून केंद्राचा प्रमुख प्रणित बोरकुटे पेटी घेऊन बल्लारपूरला स्वतःच्या घरी आला. अकराला वामनरावांनी ती त्याच्याकडून घेतली.

"उशीर झाला होता, म्हणून घरी ठेवली. मंग दोन दिवस ताप. तेराला दिली तुमच्याकडे." ते बाहेर बघत होते. "काऊन?"

"नोंदीसाठी, काका."

वाटेत जीप चिखलात रुतली. ढकलताना माझे हात बरबटले. वामनरावांनी मागून निळा कॅन काढला आणि माझ्या हातांवर धार धरली. मी साबण घासत राहिले, फेस काही येईना. साबण जुना असेल असं वाटलं.

"पिण्याचं आहे हे काका, वाया घालवू नका."

"वीस लिटर आहे. छत्तीस वर्षं झाली, मी घरचं पानी घेऊनच फिरतो. जंगलात एकदा कावीळ झाली होती, तवापासून." त्यांनी माझी रिकामी बाटली घेतली आणि तोंडापर्यंत भरून दिली. "तू बी तिथलं पिऊ नको."

पाण्याला जडसर, खडूसारखी चव होती. मी दोन घोट घेतले आणि बाटली पिशवीत ठेवून दिली.

४

केंद्र म्हणजे दोन खोल्या, पत्र्याची पडवी, हातपंप आणि नदीत उतरत गेलेल्या पायऱ्यांवर रंगवलेले आकडे आणि धोक्याची लाल रेघ. भिंतीवर पुराची ओली रेघ माझ्या कमरेएवढी होती. शेजारी घर नाही. संध्याकाळ झाली की इथे नदीखेरीज काही ऐकू येत नसणार.

प्रणित अठ्ठावीस वर्षांचा. दाढी वाढलेली. वामनराव पंचनाम्यासाठी गावात गेले, तेव्हा मी त्याला घाटाच्या पायरीवर गाठलं.

"सातला नमुना पोचूभाऊंनीच घेतला?"

"हो."

"तुम्ही पाह्यलं?"

"वहीत लिहिलं हाये ना, म्याडम."

"चिठ्ठ्या कोण लिहितं बाटल्यांवर?"

"मीच. रविवारी पूर्ण आठवड्याच्या लिहून ठेवतो. भाऊले लिहिनं जमत नवतं." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो काय बोलला. सात तारखेची चिठ्ठी लावलेली रिकामी बाटली रविवारपासूनच पेटीत होती.

"सातव्या बाटलीतलं पाणी स्वच्छ आहे, प्रणित."

तो नदीकडे बघत राहिला. "भाऊनं तुरटी फिरवली असन. गावात निवळी बी घासते."

"आणि तुम्ही बल्लारपूरला दोन दिवस पेटी कुठे ठेवली होती?"

"पलंगाखाली. माझी माय झाडू बी मारू देत नवती तिथी, म्हने मेलेल्या मानसाच्या बाटल्या हायेत." त्याचा आवाज घसरला. "म्याडम, मले इथी एकट्याले झोप येत नाई. बदली मांगितली मी. तुमी काही विचारू नका."

डोंगेवाला मुखरू हातपंपाजवळ जाळं निवडत बसला होता. साठीचा, वाळलेल्या शेंगेसारखा.

"सहाच्या संध्याकाळी कुठे होतात, मुखरूभाऊ?"

"पोरीकडं. सिरोंच्याले."

"पूर आलेला. सिरोंच्याचा रस्ता बंद होता ना पाच तारखेपासूनच?"

त्याची बोटं जाळ्यात थांबली. "तुमी पोलीस हा का?"

"नाही. मी पाणी तपासते."

"मंग पानी तपासा, बाई," तो म्हणाला आणि जाळं उचलून निघून गेला. दहा पावलांवर थांबला. पाठमोराच बोलला. "एकवीस वर्षं आमी दोघं बसलो एका डोंग्यात. तो एका टोकाले, मी एका टोकाले. एकटा मानूस तो डोंगा पुरात धरू शकत नाई. हे सारेच जानतेत."

मी हातपंपाचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. परतीच्या वाटेवर विक्कीनं गाणीसुद्धा लावली नाहीत.

५

गुरुवारी सकाळी मी ओट्यावर सगळं मांडलं.

आधी तुरटी. तुरटीनं पाणी आंबटाकडे झुकतं. सातवीतलं पाणी उलट दिशेला होतं. तुरटी नाही.

मग एकच शक्यता उरत होती. मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा ऋण भार मोडायचा तर पाण्यात धन भार हवा, आणि तो कॅल्शियमजवळ असतो, दुप्पट. चुनखडीच्या भागातलं जड पाणी कॅल्शियमनं भरलेलं असतं. त्यात गढूळ माती टाकली की कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, बसतात. निवळी घासूनही गाळ बसला असता, पण निवळीनं पाणी जड होत नाही. पावसाळ्यातली नदी तर जवळजवळ पावसाचंच पाणी असते, हलकं.

मी जडपणा मोजला, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पहिल्या सहा बाटल्या, बेचाळीस ते अठ्ठेचाळीस. सातवी, सहाशे दहा.

सातव्या बाटलीत नदी नव्हतीच.

नेंडवाहीचा हातपंप, एकशे ऐंशी. म्हणजे बाटली केंद्रावर भरली नाही. कोळशाच्या धुळीनं मुखरूही सुटला. तो कोळशाच्या मुलखात आला नव्हता आणि पेटी त्याच्या हाती लागली नव्हती. उरला प्रणित. मी आईला फोन करून सकाळच्या पॅसेंजरनं येणाऱ्या शेजाऱ्याबरोबर नळाचं पाणी मागवलं होतं. प्रणितचं घर आमच्याच टाकीवर आहे, त्या गल्लीत कुणाकडे बोअर नाही. एकशे पाच. नळाला नदीचंच पाणी येतं.

कोळसा बल्लारपूरचा असू शकत होता. पाणी नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. दोन पूर्णांक चार ग्रॅम. पूर चढताना सातला जेवढा गाळ असायला हवा, बरोबर तेवढाच. ज्यानं ही बाटली भरली त्यानं मागच्या पुरांचे आकडे पाहून अंदाज बांधला होता आणि वाळलेला गाळ तोलून टाकला होता. वजन झाल्यावर गाळाच्या पुड्या वर्षभर जपून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या पर्यवेक्षकाच्या कपाटात असतात. प्रणितकडे ना पुड्या, ना तराजू.

तरी मी ते नाव मनात उच्चारलं नाही. काचेची भांडी धुवायला घेतली. नळाखाली साबणाचा भरपूर फेस आला, कोपरापर्यंत. मी त्या फेसाकडे बघत राहिले.

मग हात पुसले, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यातून माझी स्वतःची, दोन घोट कमी असलेली, पाण्याची बाटली बाहेर काढली.

सहाशे बारा.

६

वामनराव दुपारी आले. मी त्यांना ओट्याशी स्टूल दिलं आणि त्यांच्यासमोर काचेचे दोन पेले ठेवले. दोन्हींत नेंडवाहीच्या जुन्या गाळाची सारखीच चिमूट होती.

"यात नदीचं गाळलेलं पाणी आहे, काका. यात तुम्ही मला दिलेलं. दोन्ही हलवते. चाळीस मिनिटं बसाल?"

ते हसले. "छत्तीस वर्षं हेच पाहत आलो, पोरी."

"नाही. आपण हे कधीच पाहत नाही. आपण पाणी फेकून देतो."

मी दोन्ही पेले हलवले. घड्याळ लावलं. साहेब शेजारच्या खोलीत फोनवर होते, तो आवाज येत राहिला. पाच मिनिटं गेली. दहाव्या मिनिटाला दुसऱ्या पेल्यात गोळे दिसू लागले, आणि वामनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"गडचांदूरचं पानी," ते म्हणाले. "किटलीत पापुद्रा धरते. बायको दर रविवारी व्हिनेगर टाकून काढत होती. आता तशीच हाये ती."

सांगायला लागलेल्या माणसाला मधे अडवू नये एवढं मला कळत होतं.

"कोळसा कुठून आला?" त्यांनीच विचारलं. मी सातव्या बाटलीतून टिपून ठेवलेली काळी धूळ दाखवली.

"घराच्या मागं रेल्वेचं सायडिंग हाये, कोळसा उतरते तिथी. खिडकी उघडी होती." त्यांनी मान हलवली. "मी गाळ दोनदा तोलला. चिठ्ठी पाह्यली. झाकन पुसलं. पानी पाह्यलंच नाई. पानी काय, कुठलं बी सारखंच."

"सहाला काय झालं, काका?"

"मागच्या वर्षी नेंडवाहीचा पुराचा माथा मोजायचा राहून गेला. मले मेमो आला. छत्तीस वर्षांत पयला. औंदा म्हनलं, जाताना असा कागद नको." आवाज सपाट होता, वहीतला मजकूर वाचावा तसा. "सहाले पाच वाजून दहा मिनिटांनी मी केंद्रातल्या ल्यांडलाइनवर प्रणितले फोन केला. म्हनलं, माथा आता येऊन राह्यला, मधल्या धारेतून एक नमुना घ्या. पोरगा म्हने, काका, लाल रेघेच्या वर गेलं पानी, मुखरू नाई म्हनते. मी म्हनलं, पोचूले दे फोन."

पेल्यातलं पाणी वरून एक बोट स्वच्छ झालं होतं.

"पोचू म्हने, भेव लागते साहेब. मी म्हनलं, एकवीस वर्षं झाले तुले, आता काहाचं भेव. बस. एवढंच म्हनलं."

"आणि लाल रेघेच्या वर डोंगा घालायला मनाई आहे."

"मीच लिहिला हाये तो नियम. भिंतीवर माझीच सही हाये."

सात तारखेची नोंद त्यांनी प्रणितकडून अकराला लिहून घेतली होती. प्रणितला म्हणाले होते, दोघंही जाऊ, तुझी तर अख्खी नोकरी पडली आहे. प्रणितनं लिहिलं.

"गिरजाबाई मंगळवारी आल्या होत्या इथे," मी म्हणाले. "त्यांना नोकरी पण नको होती आधी. ते पळाले असं लिहू नका म्हणाल्या."

वामनराव पहिल्या पेल्याकडे वाकले. तो अजून तसाच तपकिरी होता.

"हा काऊन बसत नाई?"

"कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. सगळ्यांवर सारखाच भार आहे."

घड्याळ वाजलं. चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी हात पुढे केला. "कागद दे. पेन हाये माझ्याजवळ."

त्यांनी दोन पानं लिहिली, वळणदार अक्षरात, वेळेसकट. शेवटी तारीख, सही. मग पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, जणू ती मी विसरेन म्हणून, आणि साहेबांच्या दारावर टकटक केली.

७

शुक्रवारी कागद गेला. त्यावर "मृत्यू कामावर असताना" असं होतं, खाली वामनरावांचा आणि प्रणितचा जबाब जोडलेला. त्याच दिवशी मुखरूही पोलिस ठाण्यात जाऊन सहा तारखेचं बोलून आला, कोणी न बोलावता. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

वामनराव घरी गेले तेव्हा विक्कीच त्यांना सोडायला गेला. परत येऊन मला म्हणाला, "काका पूर्ण रस्ता बोलले नाई. मीच मंग गाणे लावले. बंद कर म्हनलं नाई त्यायनं." माझ्या वाढदिवसाची तारीख आता कोणाच्या लक्षात नसेल, असा एक क्षुद्र विचार मनात आला आणि जायला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात गिरजाबाई आली. आदेशाची प्रत तिला मिळाली होती, चंदाचा अर्जही घेतला होता. ती ह्या वेळेस स्टुलावर बसली.

"ते शेवटची कोनती?" तिनं विचारलं.

मी सहा तारखेची बाटली काढली. अर्ध्याच पाण्यातला गाळ मी वजनासाठी गाळला होता, अर्धं तसंच ठेवलं होतं. का ठेवलं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली, खिडकीकडे धरली. सहाच्या सकाळी आठ वाजता पोचूनं मधल्या धारेतून भरलेलं पाणी, अजून गढूळ.

"हे फेकता ना तुमी?"

"आत्तापर्यंत फेकत होतो."

"मंग मले द्या."

मी झाकण घट्ट लावून दिलं. "निवळी घासलीत तर संध्याकाळपर्यंत बसेल."

"नाई घासत," ती म्हणाली.

तिनं बाटली पिशवीत घातली नाही. खिडकीतून मला बसस्टँडपर्यंतचा रस्ता दिसतो. ती बाटली उभीच छातीशी धरून चालत होती, लहान पावलं टाकत, आतलं पाणी हलू नये म्हणून.

मी ओट्याशी परत आले. नेंडवाहीहून नवी पेटी आलेली होती. पहिली बाटली गाळली, गाळाचा कागद भट्टीत ठेवला. मोरीत ओतायला उचललेलं पाणी तसंच हातात धरून उभी राहिले, मग जडपणा मोजला. चव्वेचाळीस. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. मी पट्टी घेतली आणि एक आखला.